शिवाराचे पाणी आणि गावकीचा हिशेब

गोदावरीच्या उत्तर तीरापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उतरणीपर्यंत पसरलेला जो मुलूख १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांतून वेगळा काढून जालना जिल्हा या नावाने उभा करण्यात आला, त्याची सरकारदरबारची ओळख तेव्हापासून आजतागायत टंचाईचे अहवाल, टँकरच्या याद्या आणि पन्नास पैशांच्या आतबाहेर हेलकावणारी पैसेवारी यांच्याच आधारे होत आलेली आहे. याच मुलखातील काही गावांनी आपल्या शिवारात पडणारे पाणी अडवण्याचा, मुरवण्याचा आणि पुढे ते आपसांत वाटून घेण्याचा जो खटाटोप केला, त्याची हकीकत प्रस्तुत ग्रंथात संकलित झाली आहे. ती वाचावयास बसणाऱ्याच्या हाती विषयाची थोडी पार्श्वभूमी असावी म्हणून ही प्रस्तावना. आरंभीच माझे मत सांगून टाकतो. पाणी अडवण्याच्या कामी मराठवाड्यातील या गावांनी दाखवलेले कर्तृत्व थोर आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु अडवलेले पाणी वाटून घेण्याचे काम मात्र बव्हंशी अपुरेच राहिले आहे, आणि पहिल्याची वाहवा करण्याच्या भरात दुसऱ्याकडे डोळेझाक करणे हे त्या कष्टकरी गावांनाच अपायकारक ठरेल.

जालन्याकडे पाऊसच पडत नाही, अशी एक समजूत पुण्यामुंबईकडील सुशिक्षितांत रूढ आहे. वास्तविक या जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. तेव्हा हजार हेक्टर शिवार असलेल्या एखाद्या मध्यम गावाच्या पदरात सरासरीच्या वर्षी ७०० कोटी लिटर पाणी पडते. त्याच गावाची वस्ती दोन हजार धरली आणि माणशी रोज ५५ लिटर हे नळयोजनेचे सरकारी मान लावले, तर वर्षाकाठी घरगुती गरज भरते सुमारे चार कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पाण्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. पाऊस निम्म्यावर आला तरी हा हिस्सा दीड टक्क्यापर्यंत पोहोचत नाही. आता, पडलेले सारेच पाणी हाती येत नाही हे उघड आहे. त्यातील मोठा भाग उन्हाने परत जातो, काही पिके व गवत पितात, काही ओढ्यानाल्यांवाटे दुधना, पूर्णा, गिरजा, कुंडलिका अशा नद्यांकडे धावते. तरीसुद्धा ज्या गावावर आषाढश्रावणात इतके पाणी ओतले जाते, त्याच गावातील बायांनी वैशाखात टँकरच्या तोंडाशी हंडे लावून बसावे, या वस्तुस्थितीचा सारा दोष आभाळाला देता येत नाही. आणखी एक आकडा येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे: एक हेक्टर उसाला वर्षभरात दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे दोन हेक्टर ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यावर दोन हजार माणसांचे अख्खे गाव वर्षभर निभावते.

या पाण्याला हाती धरणे अवघड का, याचे उत्तर भूमीच्या पोटात आहे. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला असून, त्यात पाणी राहावयास जागा असते ती फक्त वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात आणि कठीण पाषाणातील भेगासांध्यांत. जुन्या विहिरी परसांत मोजल्या जात. हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची म्हणजे एक परस. पाचसहा परसांवर कठीण खडक लागला म्हणजे खोदणारे थांबत, कारण त्याखाली श्रम वाया जातात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. पुढे विंधन विहिरींची यंत्रे आली आणि तीनशे-चारशे फुटांपर्यंत भूमीला छिद्रे पडू लागली; तेव्हा जे पाणी लागले ते बहुधा शतकानुशतके भेगांत जिरून राहिलेले संचित होते, आणि ते एकदा उपसले म्हणजे पुन्हा भरून यावयास एका पावसाळ्याचे बळ पुरत नाही. दोन शेजाऱ्यांच्या विहिरी वरून वेगळ्या दिसल्या, सातबाऱ्यावर वेगवेगळ्या नावांनी लागल्या, तरी त्यांचा झरा पुष्कळदा एकच असतो. एकाने रात्रभर पंप चालवला की दुसऱ्याच्या विहिरीचा तळ सकाळी उघडा पडतो. जमीन खाजगी आणि तिच्या पोटातील पाणी सामाईक, ही या प्रश्नातील खरी गाठ आहे.

पाण्याची सामाईक तजवीज ही या भागाला नवी नाही. सिंदखेडराजा आज बुलढाणा जिल्ह्यात मोडत असले तरी जालन्याला ते लगतचेच. तेथील जाधवांच्या काळचे तलाव आणि अंबडकडील जुन्या बारवा पाहिल्या म्हणजे पूर्वीच्या सत्ताधीशांनी व दानशूरांनी पाणी हे धर्मकृत्य मानले होते याची साक्ष पटते. जालना शहरासाठी निजामाच्या अंमलात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याच्या उभारणीशी बेजोनजी फरिदूनजी जालनावाला या पारशी गृहस्थांचे नाव निगडित आहे, आणि कोणत्याही पंपाविना केवळ उताराच्या बळावर त्याचे पाणी शहरात येत असे. या तलावात दशकानुदशके साचलेला गाळ अलीकडे जालन्याच्या नागरिकांनी वर्गणी जमवून उपसावयास घेतला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तो आपल्या खर्चाने वाहून शेतांत पसरला; शहर आणि खेडे यांच्यातील इतका सरळ आणि उभयतांच्या हिताचा व्यवहार मला दुसरा ठाऊक नाही. परंतु शेतावर पडलेले पाणी शेतातच मुरवावे, हा विचार दानधर्माच्या परंपरेतून आलेला नाही. तो आपल्याकडे स्पष्ट शब्दांत मांडला जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी सरकारने आपल्या फौजफाट्यातील माणसे लावून जागोजाग ताली-बंधारे असे घालावेत की पावसाचे पाणी एकदम वाहून न जाता शेतांत मुरेल, अशी मागणी केली. पुढे ज्यास आपण पाणलोट क्षेत्र विकास म्हणू लागलो, त्याचा गाभा त्या मागणीत आहे. आणि शंभर वर्षे तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्या तोंडी आजही मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे हेच शब्द येतात. त्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजना दिली, शेकडो पाझर तलाव दिले, आणि हाताला काम मागण्याचा हक्क पुढे कायद्यात बसवला. हे उपकार लहान नव्हेत. तथापि त्या कामांची जागा मजुरांच्या सोयीवरून आणि मुकादमाच्या अंदाजावरून ठरे. डोंगरमाथा उघडाबोडका ठेवून खाली तलाव बांधले गेले आणि माथ्यावरची माती त्यांत येऊन बसली. तिकडे पैठणला १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले, त्याच्या डाव्या कालव्याने जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्ट्यात हिरवळ आणली; पण कालवा उताराने जातो, आणि जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद या वरच्या अंगाच्या तालुक्यांतील माळरानाला त्या धरणाचा उपयोग शेतीपुरता तरी काही नव्हता. या गावांना आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पाण्याखेरीज दुसरा आसरा नाही, हे सत्य १९८० च्या सुमारास काही थोड्या माणसांच्या ध्यानी आले.

त्या थोड्यांत विजयअण्णा बोराडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या वतीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम औरंगाबादेजवळच्या आडगावात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम उभे केले, आणि नंतर खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या आधाराने ते जालना जिल्ह्यात आणले. या केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. एका ठरावीक तारखेला, पाऊस असो वा दुष्काळ, शेतकऱ्याने एके ठिकाणी येऊन आपल्या पिकाविषयी प्रश्न विचारावेत आणि शास्त्रज्ञाने त्याला उत्तर द्यावे, ही शिस्त वर्षानुवर्षे टिकवणे हे एखादा बंधारा बांधण्यापेक्षा कठीण आहे; आणि माझ्या समजुतीप्रमाणे जालन्यात पुढे जे घडले त्याचे बीज याच बैठकीत आहे.

याच मंडळाच्या हातून १९९६ पासून जालना तालुक्यातील कडवंची या गावी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम सुरू झाले. पैसा जर्मनीचा, तो गावापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था नाबार्डची, आणि या साऱ्या कार्यक्रमामागची प्रेरणा होती ती तत्कालीन अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) आयुष्य वेचणारे स्विस जेसुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांची. गावाने आधी काही दिवस विनामोबदला श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, आपल्यातून पाणलोट समिती निवडावी आणि त्यानंतरच पैशाची गोष्ट काढावी, असा या कार्यक्रमाचा दंडक होता. सरकारी कामांत गावकरी हा मजूर असे. येथे तो प्रथमच कामाचा धनी झाला. आराखडाही कचेरीत बसून होत नसे. गट नंबरानुसार प्रत्येक शेतावर जाऊन, त्या शेताच्या मालकाला आणि शक्य तेथे त्याच्या घरधनिणीला समोर उभे करून, बांध कोठे पडावा आणि चर कोठून जावा हे ठरवले जाई, कारण जी गोष्ट आपल्या शेतात आपल्या संमतीने झाली तिची राखण शेतकरी स्वतः करतो.

समपातळी रेषा आखण्याचे काम ज्याने पाहिले नाही त्याला या साऱ्याची गोडी पुरती कळणार नाही. दोन माणसे आपापल्या हाती मापाच्या खुणा केलेली एकेक काठी धरतात. दोन्ही काठ्यांना पाण्याने भरलेली एक लांब पारदर्शक नळी बांधलेली असते. पहिला जागेवर उभा राहतो, दुसरा उतारावर थोडा वर, थोडा खाली सरकत राहतो, आणि दोन्हीकडच्या नळीतील पाणी एकाच खुणेवर येऊन स्थिरावले की तिसरा माणूस तेथे फक्कीची चिमूट टाकतो. असे करीत करीत डोंगराच्या कुशीतून जी पांढरी रेघ निघते ती कधीही सरळ जात नाही. ती ओघळीत आत शिरते, उंचवट्याला वळसा घालते, आणि वाटेत कोणाच्या मालकीची हद्द लागते याची पर्वा करीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बांधावरून फौजदाऱ्या झालेल्या भाऊबंदांना या रेघेवर उभे केले म्हणजे पाण्याच्या दृष्टीने आपली दोन्ही शेते एकच आहेत हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. त्या रेघेवर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असा सलग समतल चर खणायचा, निघालेली माती खालच्या अंगाला लावायची, त्यावर गवत आणि झाडे धरायची. ओघळींत अनगड दगडी बांध रचायचे, शेतांची बांधबंदिस्ती करायची, आणि सर्वांत शेवटी, माथा पुरा झाल्यावरच, नाल्यावर माती किंवा सिमेंटचे बंधारे घालायचे. हा क्रम मोडण्याचा मोह फार मोठा असतो, कारण बंधारा फोटोत दिसतो आणि चर दिसत नाही.

कडवंचीने तो क्रम पाळला. माती धरून राहिली, विहिरींना पाणी टिकू लागले, आणि खरीप ज्वारी-कापसावर जगणारे हे गाव पाहता पाहता द्राक्षांकडे वळले. नंदापूर, धारकल्याण अशा शेजारच्या गावांनीही तोच मार्ग धरला. २०१२ साली जेव्हा जिल्ह्यावर भीषण अवर्षण कोसळले, आयुष्यभराची पुंजी घालून वाढवलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी आपल्याच हाताने तोडून सरपणाला घातल्या आणि जालना शहराला पिण्याच्या पाण्यासाठी दारोदार फिरावे लागले, तेव्हाही कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. त्या एका वर्षाने या गावाचे नाव राज्यभर झाले. या कीर्तीवर गावकऱ्यांचा पुरेपूर हक्क आहे, हे मी आदराने लिहितो.

परंतु कीर्तीच्या या प्रकाशात दोन गोष्टी झाकल्या जाऊ नयेत. पहिली चराईबंदीची. डोंगर बंद झाला म्हणजे गवत वाढते, ते कापून नेता येते, दुभती जनावरे वाढतात, हे सारे खरे. पण कापून नेलेले गवत बांधलेल्या म्हशीला चालते, भूमिहीनाच्या चार शेळ्यांना आणि धनगराच्या कळपाला चालत नाही. जेथे जेथे पाणलोटाचे काम झाले, तेथे तेथे पहिल्या दोनतीन वर्षांचा त्याग या लोकांनी केला आणि नंतरच्या वीस वर्षांचा लाभ विहीरवाल्यांना झाला. काम चालू असताना मजुरी मिळाली हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. मजुरी श्रमाची असते, सोडून दिलेल्या हक्काची नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात याचे उत्तर एकाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास जी पाणी पंचायत उभी केली, तिच्यात पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या संख्येवर वाटले जाई: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. हा नियम ऐकून अनेकांनी माना डोलावल्या. तो अमलात आणणारी गावे मात्र बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

दुसरी गोष्ट शेततळ्यांची, आणि ती या ग्रंथातील सर्वांत वादग्रस्त आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा एका शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ओढ्याचे वाहून जाणारे पाणी त्यात साठवले तर ती निखळ कमाई आहे. परंतु प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे पाणी मुरवीत नाही, आणि ते भरावयाचे कशाने, हा प्रश्न पाऊस कमी झालेल्या वर्षी उभा राहतोच. जिल्ह्यातच नव्हे तर सबंध मराठवाड्यात अनेक ठिकाणी उत्तर एकच निघाले: पावसाळ्यात विहिरीला पाणी असते तोवर पंप लावून तळे भरून घ्यायचे. म्हणजे जे पाणी साऱ्या गावाने डोंगरावर घाम गाळून खडकात मुरवले, ते ज्याच्यापाशी पंप आणि अस्तराचा पैसा आहे त्याने उपसून आपल्या कुंपणात आणले. सामाईक ठेव खाजगी खात्यावर वळती झाली. त्यावर चैत्रवैशाखातील ऊन त्याचा हिस्सा घेते तो वेगळाच. द्राक्ष वा मोसंबी पोसणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. बाग एकदा लावली की तिला सोडून देता येत नाही, कर्जाचा हप्ता पाऊस पाहून ठरत नाही, आणि शेजारी उपसतो आहे हे दिसत असताना आपण थांबावे असा मोठेपणा एकट्यादुकट्याकडून मागणे रास्त नव्हे. म्हणूनच हा प्रश्न गावकीचा आहे.

गावकीने तो सोडवावयाचा तर साधन उपलब्ध आहे. पावसाळा संपताच गावातील पर्जन्यमापकावरील नोंद आणि ठरावीक विहिरींची पातळी घ्यायची, त्यावरून शिवारात किती पाणी जमा झाले हे मांडायचे, त्यातून माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात रब्बीची कोणती पिके किती क्षेत्रावर बसतात हे ग्रामसभेत जाहीर करायचे. यालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तो वर्षानुवर्षे मांडला, आणि त्याच्या जोडीला शेतीसाठी विंधन विहीर नको, ऊस-केळी नको, हे निर्बंध स्वतःवर घालून घेतले. जालन्यातही अनेक गावांतून स्वयंसेवी संस्थांच्या प्रयत्नाने असे ताळेबंद मांडले गेले आहेत. भिंतीवर रंगवलेला तक्ता मी पाहिला आहे: जमेच्या बाजूला पाऊस, खर्चाच्या बाजूला पिके, आणि तळाशी तुटीचा आकडा तांबड्या रंगात. परंतु ती तूट कोणाच्या विहिरीतून भरून काढायची आणि कोणी आपला ऊस कमी करायचा, हे लिहिण्याचा रकाना त्या तक्त्यावर नव्हता. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. साठ मीटरांहून खोल विहिरींवर त्याने निर्बंध घातले आहेत आणि पाणलोटाच्या समित्यांना काही अधिकारही देऊ केले आहेत. तथापि रात्री अकरा वाजता शिवारात येणाऱ्या बोअरच्या गाडीला अडवायचे कोणी, तलाठ्याने की सरपंचाने, याचा निवाडा कायद्याच्या पुस्तकातून होत नाही.

या कामी पिकांचा विचार टाळता येणार नाही. अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची दगडी ज्वारी ही या मातीत, या पावसात, पिढ्यान्‌पिढ्या निभावत आलेली जात आहे. तिला बाजारात मान मिळाला आणि तिच्या भाकरीला शहरात योग्य किंमत आली, तर ताळेबंदातील तूट भरून काढण्यास ती एखाद्या बंधाऱ्याइतकीच उपयोगी पडेल. पाण्याच्या कामांवर जो खर्च होतो त्याचा अल्पसा अंश जरी अशा पिकांच्या खरेदीविक्रीच्या व्यवस्थेकडे वळला असता, तर आज चित्र निराळे दिसले असते असे मला वाटते.

ग्रंथाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिल्या भागात माथ्यावरच्या कामांच्या हकिकती आहेत, दुसऱ्यात विहिरी व शेततळ्यांच्या. तिसरा भाग, जो वाटपाविषयी आहे, तो इतर दोहोंच्या मानाने पातळ झाला आहे, आणि त्याचे कारण वाचकाला आतापर्यंत कळून चुकले असेल. ज्या गावांतून ही माहिती गोळा झाली तेथे पाणलोट समित्यांची जुनी दफ्तरे अद्याप शिल्लक आहेत: श्रमदानाच्या हजेऱ्या, गटवार आराखडे, अंगठे उमटवलेले ठराव, चराईबंदी मोडणाऱ्याला केलेल्या दंडाच्या पावत्या. कोण किती दिवस राबले आणि कोणी काय सोडले, याचा लेखी पुरावा या कागदांखेरीज कोठेही नाही, आणि उद्या पाण्याच्या वाट्याचा प्रश्न ग्रामसभेपुढे आला तर ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आपला हक्क दाखवावयास एवढाच आधार आहे. समित्यांचे जुने अध्यक्ष आता थकले आहेत. दफ्तरे कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या धान्याच्या कोठीशेजारच्या पेटीत पडून आहेत, आणि वाळवीने काहींना हात घातला आहे. ज्यांच्यापाशी ती असतील त्यांनी ती ग्रामपंचायतीत जमा करून त्यांची एकेक नक्कल तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.